तारेवरचा पोळा

माझ्या विसरभोळेपणाबद्दल लोक जे सांगतात, त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेलं निम्मं मला आठवत नाही. एक गोष्ट मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, कारण माझ्या सासरच्या गावात ती दर पोळ्याला माझ्याच तोंडावर सांगितली जाते. दर वर्षी सांगणारे तिला थोडं तिखटमीठ लावतात. परवा ऐकली तेव्हा तिच्यात मी बैलावर बसलेला होतो. तेव्हा खरं काय घडलं ते एकदा लिहून ठेवावं म्हणतो.

मी अमरावतीच्या तारघरात तारबाबू होतो. समोर तार पाठवायची कळ, कानाशी तिची कटकट, हातात पेन्सिल. या धंद्यातली एक गंमत बाहेरच्यांना ठाऊक नसते. तार घेणाऱ्याच्या कानातून अक्षरं थेट बोटांत उतरतात, वाटेत डोकं लागत नाही. कुणाला मुलगा झाला, कुणाचा बाप गेला, कापूस चढला की पडला, सगळं आमच्या हातून जातं, आणि आम्ही त्या वेळी डब्यात आज काय असेल याचा विचार करत असतो. आपण काय लिहितो आहोत हे ज्याला कळत नाही तो उत्तम तारबाबू. या मापानं माझ्यासारखा तारबाबू वऱ्हाडात दुसरा नव्हता.

पासष्टच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. सासर अकोल्यापुढे, बाळापूरच्या वाटेवरच्या एका गावात. सासरे काळ्या जमिनीचे धनी. गावच्या पोळ्याला त्यांची बैलजोडी सगळ्यांत आधी तोरणाखालून जाणार, हा त्यांच्या घराचा मान. श्रावणात बायको माहेरी गेली, आणि सासऱ्यांनी हौसेनं अकोल्याला माणूस धाडून मला तार केली : पोळ्याला या, यंदा जोडी जावयाच्या हातानं निघेल.

ती तार अमरावतीला कोणी घेतली? मीच. छान वळणदार अक्षरात उतरवली. वर पत्ता लिहिला, तोही माझाच. पाकिटात घातली आणि तारवाल्याच्या हाती देऊन वर म्हणालो, "लवकर ने रे, कोणीतरी वाट पाहत असेल." तो बिचारा सायकल मारत माझ्या घरी गेला, कुलूप पाहून फटीतून तार आत सरकवून आला. नेमका तेव्हाच आमचा एक जोडीदार तापानं पडला, म्हणून दुहेरी पाळी करून मी तारघरातच मुक्काम ठोकला. घरी गेलो तेव्हा मोठ्या बैलांचा पोळा झाला होता, पोरांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळाही झाला होता, आणि उंबऱ्याच्या आत माझ्याच अक्षरातलं आमंत्रण पडलं होतं.

तिकडे सासरे सजवलेली जोडी घेऊन तोरणापाशी उभे. "येते, येते, गाडी लेट असन," असं गावाला सांगत. शेवटी बैल तापले, लोक त्याहून तापले, आणि दुसऱ्याची जोडी पहिली निघून गेली. घराण्यात असं कधी झालं नव्हतं.

बायको दसऱ्यानंतर भावासोबत परत आली. मी आधीच ठरवून ठेवलं होतं, म्हटलं, "तार मिळालीच नाही."

तिनं कोनाड्यातून ती तार काढून माझ्यापुढे धरली. "मंग हे अक्षर कोणाचं हाय?"

अक्षर चांगलं होतं एवढंच मी म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगी झाली. बारशाला मी वेळेवर हजर होतो, कारण मेहुणा अमरावतीला येऊन मला बखोटीला धरूनच घेऊन गेला होता. निघताना बायको मुलीला खांद्यावर थोपटत दारापर्यंत आली. सासरे अंगणात पाठमोरे उभे राहून कडब्याकडे बघत होते; वर्षभरात ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. ती म्हणाली, "यंदा पोळ्याले तुमी आले अन् बाबाच्या जोडीचा दोर धरला, तर दुसऱ्या दिवशी पोरीले घेऊन तुमच्यासंगं येतो. नाही आले, तर दिवाळी बी इथंच अन् संक्रांत बी इथंच."

"अगं, पण..."

"पोरगी रांगाले लागली का तार करीन."

गंमत नव्हती ती. तिचा आवाज खाली होता, आणि ती आवाज खाली ठेवून बोलली की करून दाखवते, हे एव्हाना मला कळलं होतं. रिकाम्या घरी परतताना गाडीतच मी पण केला : आता डोक्यावर विसंबायचं नाही. यंत्र पाहिजे.

यंत्र तर समोरच होतं. अकोल्याच्या कळेवर माझा एक मित्र बसायचा. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा हात शंभरांत ओळखला असता. कळ दाबण्यातही माणसाचा स्वभाव उतरतो, आणि याचा हात चालायचा तो थट्टा केल्यासारखाच. लाइन मोकळी असली की आमच्या चार गोष्टी व्हायच्या. गेल्या वर्षीची ती तार त्यानंच पाठवली होती. मी तक्रार केली तेव्हा कळ कडकडली, "मी पाठवली, तू घेतली. मले वाटलं, तुले समजली बी असन!"

आता मी त्याला माझी योजना सांगितली. मी दोन अक्षरं पाठवायची, पी आणि के, म्हणजे 'पुढे काय'. त्यापुढे आकडा. 'पुका पाच' म्हटलं की पुढल्या पाच दिवसांतले सण, सुट्ट्या, उपास, जे काय असेल ते त्यानं एका दमात पाठवायचं.

"काहून बे, अमरावतीत कॅलेंडर नाही भेटत?"

"कॅलेंडर भिंतीवर असतं. ते बघायचं मी विसरतो."

"अन् मले विचाराचं नाही विसरत?"

"तुझ्याशी बोलायचं कधी विसरलोय का?"

हे त्याला पटलं. "आमी छप्पन्न सालापासून बौद्ध, भाऊ," तो म्हणाला. "तुमचं पंचांग आमच्या घरात नाही. पण समोरच्या चहावाल्याच्या भिंतीवर हाय. पाहून सांगत जाईन. चहा तुह्या नावावर."

आणि काय सांगू, यंत्र असं चाललं! सकाळी मी 'पुका तीन' वाजवायचो, तिकडून खडखडत यायचं : उद्या एकादशी, परवा काही नाही, तेरवा रविवार. पहिल्याच आठवड्यात तारघरात बातमी फुटली. टपालखात्यातले लोक खिडकीशी घुटमळू लागले. आमचा शिपाई संकष्टी विचारायचा, तिकिटं विकणारे काका 'पुका तीस' मागून महिनाभराच्या सुट्ट्या एकदम काढता येतात का बघायचे. खुद्द मोठे साहेब, ज्यांनी हे सगळं बंद पाडायला हवं होतं, ते एकदा माझ्यामागे उभे राहून खाकरले आणि हळूच म्हणाले, "जरा बघा हो, आमच्या मेव्हण्याचं लग्न शनिवारी येतं का. येत असेल तर मला त्या दिवशी काम काढावं लागेल." मी म्हणजे तारघरातला ज्योतिषीच झालो. लोक मला 'पुकावाले' म्हणू लागले आणि मी ते मानानं मिरवू लागलो.

अडचण एकच. मित्राला थोडक्यात बोलता येत नसे. एकादशी विचारली की, "उद्या. साबुदाणा भिजवला का? तुह्या हातची खिचडी म्हणजे गोंदच!" अशी शेपटी यायची, आणि मागे तारा खोळंबायच्या. मग मी नियम केले. एक : विचारलं तेवढंच सांगायचं. दोन : थट्टा नाही. तीन : प्रश्नावर उलट प्रश्न नाही.

"यंत्रानं यंत्रासारखं वागावं," मी ऐटीत वाजवलं.

"बरं साहेब," एवढंच आलं. त्या हातात राग होता की हसू, ते मला ओळखता आलं नाही. यायला हवं होतं.

आता पोळा म्हणजे श्रावणातली अमावस्या, हे वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल. मला वाटलं, सणाचं नाव कशाला घ्या, मूळ तिथीच विचारावी, म्हणजे शास्त्रशुद्ध काम होईल. ऑगस्ट उजाडला तसं मी वाजवलं : श्रावण अमावस्या कधी?

तिकडून काहीतरी उलट विचारणं सुरू झालं. दोनच अक्षरं आली असतील, मी मध्येच कळ दाबून तोडलं. "नियम तीन!"

मग : "झेंडावंदनाच्या दुसऱ्या दिवशी."

वा! गेल्या वर्षी पोळा ऑगस्टच्या शेवटी झाला होता, यंदा थोडा अलीकडे आला. सण दर वर्षी थोडे अलीकडे सरकतात, एवढं ज्ञान मला होतंच. तेवढंच होतं, हा घोटाळा. जेवायच्या खानावळीत महिनाभर लोक अनारसे, धोंडे असलं काहीबाही बोलत होते. मी ते भुकेचं बोलणं समजून कानाआड केलं. आणि इतर कोणाला पोळा विचारायची सोय नव्हती. पुकावाल्यानंच विचारायचं म्हणजे अब्रू गेली.

बैलांसाठी झूल आणि घुंगरमाळ घ्यायला बाजारात गेलो. दुकानदारानं शिडी लावून माळ्यावरून गाठोडं काढलं, धूळ झटकली. "लय आंधीच आले, साहेब?"

"शेवटच्या दिवशी गर्दी कोण करणार?" मी म्हणालो. दुकानात माझ्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, आणि ते मी माझ्या दूरदृष्टीचं फळ समजलो. शिंगांसाठी हिरव्या आणि लाल तेलरंगाचे डबेही घेतले.

झेंडावंदन झालं, खिशात साखरेची पुडी घेऊनच गाडीत बसलो. बडनेऱ्याला गाडी बदलली, अकोल्याहून एस.टी. धरली आणि दिवस कलता सासरी पोचलो. सासूबाईंनी मला दारात पाहिलं, पदर ओढला आणि आत पळाल्या. आतून भांडी कोसळल्याचा आवाज आला. सासरे ओसरीवर होते, ते उठून उभे राहिले. पागोटं नीट केलं. चेहरा असा, जसा दारात आलेल्या सावकारापुढे कर्जदार उभा असावा.

"या, जावईबापू," ते म्हणाले. "स्वतः होऊन आले."

"म्हटलं आपणच जावं, मामाजी. बोलावण्याची वाट पाहत बसलो अन् दिवस निघून गेला, तर काय उपयोग?"

त्यांनी मान खाली घातली. "बरोबर हाय. चुकलं आमचं. बोलवाले पाह्यजे होतं."

"जाऊ द्या हो. मागल्या वर्षी माझं चुकलं, यंदा तुमचं. फिटलं!" मी त्यांच्या पाठीवर थोपटायचाच बाकी होतो.

माझी ती रात्र किती सुखात गेली! सकाळी अंघोळ झाल्यावर मला पाटावर बसवलं. रांगोळी, समई, औक्षण. पुढ्यात पुरण भरलेले गोल गोल धोंडे, त्यांवर तुपाची धार. शेजारी ताटभर अनारसे. एक चांदीसारखा पांढरा, एक करपलेला, एक बशीएवढा, एक रुपयाएवढा. शेजारच्या चार घरांतून धावपळ करून गोळा केलेले होते, हे मला मागाहून कळलं. आमच्याकडे पोळ्याला पोळी करतात, इकडे गोळे करत असतील, असं म्हणून मी सहा धोंडे उडवले. बायको मुलीला मांडीवर घेऊन माझ्याकडे एकटक बघत होती.

"तुमाले खरंच आठवलं?" तिनं विचारलं.

"आता मला सगळं आठवतं," मी सातवा धोंडा उचलत म्हणालो.

जेवण जिरवायला रंगाचे डबे आणि घुंगरमाळ घेऊन गोठ्यात गेलो. जोडी मोठी देखणी, पांढरीशुभ्र. उजवा बैल शांत, त्याची दोन्ही शिंगं मी लालभडक करून टाकली. डावा रागीट. त्याचं एक शिंग हिरवं झालं, आणि दुसऱ्याला हात लावताच त्यानं मान अशी झटकली की उरलेला हिरवा रंग माझ्या सदऱ्यावर, मिशीवर आणि गव्हाणीवर समान वाटला गेला. तेवढ्यात घुंगरमाळ कसली वाजते म्हणून सासरे आले.

ते दारातच थांबले. बैलांकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा बैलांकडे.

"काय करून राह्यले, जावईबापू?"

"शिंगं रंगवतोय. तोरणाला किती वाजता निघायचं?"

"कोणत्या तोरणाले?"

"पोळ्याच्या! आज श्रावणातली अमावस्या ना?"

"अमावस्या हाय," सासरे हळूहळू म्हणाले. "पण अधिकातली हाय, बाप्पा. यंदा श्रावण दोन हायेत. धोंड्याचा महिना आज सरते. खरा श्रावण उद्या लागते. पोळा अजून महिनाभर लांब हाय!"

माझ्या मिशीवरून हिरवा थेंब ओघळला. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून, जेवू घालून वाण द्यायचं, हे मलाही ठाऊक होतं. फक्त तो महिना चालू आहे हे ठाऊक नव्हतं. आता एकेक उलगडू लागलं. गेल्या वर्षी तार करूनही आला नाही, तर यंदा काहून बोलावू, म्हणून सासरे महिनाभर अडून बसले होते. आणि महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी जावई आपणहून दारात, वर म्हणतो, बोलावण्याची वाट पाहत बसलो तर दिवस निघून जाईल! म्हणजे मी अनारसे वसूल करायलाच आलो असं आख्ख्या घराला वाटलं होतं.

"म्हणजे तुमी धोंड्यासाठी नाही आले?" सासऱ्यांनी विचारलं.

"नाही हो, मामाजी. पोळ्यासाठी आलो. यंदा चुकायचं नाही असं ठरवून आलो."

सासरे गव्हाणीच्या काठावर बसले. खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतात की काय. मग असं हसू फुटलं त्यांना की उजवा बैल उठून उभा राहिला. शेजारपाजार जमला. सासूबाई पदर तोंडात कोंबून परतल्या. सासरे डोळे पुसत सगळ्यांना सांगू लागले, "मागल्या साली पोळा झाल्यावर बी आला नाही, यंदा महिनाभर आंधीच आला. दोन्हीची सरासरी काढा, जावई बरोबर टायमावर हाय!"

वर्षभरानं ते माझ्याशी हसून बोलत होते. ही संधी साधून मी बायकोला हळूच म्हटलं, "मग? येतेस उद्या?"

"आज पोळा हाय का?" ती म्हणाली.

"नाही, पण..."

"मंग? अट पोळ्याची हाय." हसू दाबताना तिची नाकपुडी थरथरत होती, पण आवाज खाली होता.

अमरावतीला परतलो. कळेवर बसताच मी अकोल्याला झापलं. "सांगितलं का नाहीस, श्रावण दोन आहेत म्हणून?"

"मी विचारतच होतो, कोणता श्रावण म्हणून. तूच बोंबलला, नियम तीन!" आणि त्यापुढे नुसते ठिपके, ठिपके, ठिपके. तारबाबू कळेवर हसतो तो असा. तो इतका हसला की लाइन बिघडली समजून साहेब बघायला आले.

त्यांना मी पुन्हा रजा मागितली, कारण सांगितलं पोळा.

"एका वर्षात दोन पोळे? तुमच्या सासऱ्याकडे बैल तरी किती आहेत?"

शेवटी मी दिवाळीचे सगळे दिवस कामावर यायचं कबूल केलं तेव्हा सही झाली. नियम मात्र मी सगळे मोडीत काढले. त्या दिवसापासून सकाळी मी विचारायच्या आधीच कळ वाजे : "आज नाही. चहा पी." दुसऱ्या दिवशी : "आज बी नाही. रंगाचे डबे झाकून ठेव." खिडकीवरचे तिकिटवाले काका, शिपाई, तारवाला, सगळे येता-जाता मला "अजून नाही हं" म्हणत. आणि एका सकाळी : "उद्या. खरा. ऊठ."

तारवाल्यानं मला सायकलच्या दांडीवर बसवून स्टेशनात नेलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकी सोडली नाही. अकोल्याला एस.टी.च्या थांब्यावर एक सडपातळ माणूस बाकाच्या पाठीवर बोटांनी काहीतरी वाजवत उभा होता. मी कान दिला. पी. के. पी. के.

"तू?"

"मंग कोण?" तो म्हणाला. "चाल. मी बी येतो. एवढी मेहनत केली, आता पोळा पाहाचाच हाय मले."

गावाच्या वेशीवर तोरण बांधलं होतं. सगळ्या जोड्या नव्या रंगात झळकत होत्या. आमच्या जोडीकडे पाहिलं आणि मी कपाळावर हात मारला. उजव्याच्या शिंगांवरचा माझा लाल रंग पावसानं विटून गुलाबी झाला होता, डाव्याचं एक शिंग पोपडे गेलेलं हिरवं, दुसरं कोरं. झूल, माळा सगळं नवं, शिंगं तेवढी तशीच.

"मामाजी, रंग राहिला!"

"राहू दे," सासरे म्हणाले आणि दोर माझ्या हातात दिला. "जावयानं रंगवले, पुन्हा काहून रंगवाचे?"

पोळ्यात झडत्या म्हणतात, तिथल्या तिथे जुळवलेल्या. आमची जोडी पुढे निघताच गर्दीतून कोणीतरी खड्या आवाजात सुरू केलं :

"आभाळात नाही ढग अन् नदीले नाही पूर,
जावई आला पोळ्याले अन् पोळा अजून दूर!"

"हर बोला हर हर महादेव!" सगळं गाव गरजलं, आणि त्यावर सर्वांत मोठ्यानं हसला तो माझा अकोल्याचा मित्र. मी मिशीपर्यंत लाल झालो. डाव्या बैलानं मला ओळखलं असावं, तो हिरवं शिंग माझ्यापासून लांब धरून चालत होता.

तोरणाखाली येताच एका म्हाताऱ्यानं सासऱ्यांना टोमणा मारला, "काहो पाटील, शिंगं जुनीच आणली? रंगाले पैसे नव्हते का?"

सासऱ्यांनी छाती पुढे काढली. "तुमचा पोळा एक दिवसाचा, बुवा. आमच्या घरचा महिनाभर चालते!"

आणि आमची जोडी सगळ्यांत आधी तोरणाखालून गेली.

बायका वेशीजवळच्या घरांच्या ओट्यांवरून बघत होत्या. माझी बायको मुलीला उंच धरून उभी होती. मी दोर हातात ठेवूनच तिच्याकडे मान वर केली. तिनं मुलीचा इवला हात धरून माझ्याकडे हलवला आणि ओट्यावर पायाशी ठेवलेल्या ट्रंकेवर नखांनी टकटक केली. ते तारेतलं कोणतंच अक्षर नव्हतं, पण जन्मात पहिल्यांदा मला आलेला निरोप तिथल्या तिथे कळला.